कफ: मधली पाकळी अखेर टिकली

टिकली! कफ (एका बाजूला तोंड उघडं असलेलं सोन्याचं कडं) ताणून मनगटात घातला, काढला, पुन्हा घातला. शिंपल्याच्या मधल्या पाकळीवर भिंगाखालीही चीर दिसत नाही. मागच्या नोंदीतल्या पितळी नमुन्यात हीच पाकळी तडकत होती आणि तुमच्यापैकी बरेच जण ‘एपॉक्सी (पाकळी चिकटवायचा गोंद) बदल’ म्हणत होते. दोष एपॉक्सीचा नव्हताच.

तोंड खाली असलेला कफ ताणला की सर्वात जास्त वाक येतो तो तोंडाच्या बरोब्बर समोर, म्हणजे वर मधोमध. आणि आपण शिंपला, मोठा खडा, सगळी शोभा नेमकी तिथेच मांडतो! सोनं वाकतं, शिंपला वाकत नाही. एरवी तो चिवट असतो: अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचे खनिजाचे, म्हणजे अ‍ॅरागोनाइटचे पापुद्रे आणि मध्ये प्रथिनाचा थर. पण मिलिमीटरभर जाडीची पाकळी खाली पक्की चिकटवली आणि खालचा पत्राच वाकला, तर ती चिवटाई पुरत नाही.

पाकळ्या लहान करून मध्ये सोन्याच्या पट्ट्या उभ्या केल्या. चिरा कमी झाल्या, पण कडा सुटू लागल्या. उपाय निघाला तो जाडीत. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. म्हणून पुढचा भाग दुहेरी पत्र्याची बंद पेटी केला आणि दोन्ही बाजू रोलरमधून पातळ काढल्या. आता लवचीकपणा सगळा बाजूंना, पुढचा भाग ढिम्म. पेटीला आतून भोक ठेवा. नाहीतर डाग देताना (जोड तापवून सांधताना) कोंडलेली हवा फुगून जोड उसवतो. सोनं 18 कॅरटच. 22 कॅरटला अशी स्प्रिंग धरत नाही, कितीही ठोका.

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पिकलचा (डाग दिल्यावर धातू साफ करायच्या आम्लाचा) थेंब लागला की झळाळी गेली. त्यामुळे आच आणि आम्ल आधी संपवलं, मग टूरमलीनचे खडे बसवले, शिंपला सर्वात शेवटी. कोंदणं शिंपल्याहून उंच ठेवल्याने घासताना खड्यांना धक्का लागला नाही.

‘एकसमान जाडी’ म्हणून विकलेल्या चकत्या अजिबात एकसमान नव्हत्या. यापुढे अख्खा शिंपला आणून डायमंड डिस्कने स्वतः कापणार. पाण्याखाली आणि मास्क लावूनच, ती धूळ फुप्फुसांना वाईट. शिवाय झळाळीची दिशा आपल्या हातात राहते. शेजारशेजारच्या दोन पाकळ्या टिन ऑक्साइडने चमकवल्यावर मनगट फिरवताना एकाच क्षणी गुलाबी होतात. तेवढ्यासाठी मी कितीही वेळ घालवीन.

पुढे कडेच्या पाकळ्या लावायच्या होत्या. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, बाजू वाकवायच्याच कशाला? एका बाजूला बिजागरी, दुसरीकडे जुन्या कड्यांसारखा पेच, की ताण उरणारच नाही आणि शिंपला थेट तोंडापर्यंत नेता येईल. कडेच्या पाकळ्या तूर्त थांबवल्या आहेत. आधी पितळेत बिजागरी करून बघतो. इतक्या अरुंद कडेवर बिजागरीच्या तीन नळ्या पुरतील की पाच लागतील? कोणी केली असेल तर सांगा.