छातीवरचा होल्स्टर अखेर बसला

मंडळी, अलास्काच्या रानात पाठीवर सॅक असताना अस्वलांपासून बचावासाठीचं रिव्हॉल्व्हर अंगावर कुठे अडकवायचं, हा मार्चपासून छळणारा प्रश्न सुटला! होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आता छातीवर. आता रिव्हॉल्व्हरचंच काय करायचं, हा नवा प्रश्न आहे.

कमरेवर का जमत नाही ते मागे लिहिलंच आहे. सॅकचा कमरपट्टा आवळला की थेट मुठीवर येतो. होल्स्टर सॅकलाच अडकवला, तर जेवायला सॅक उतरवली की पिस्तूलही तिच्याबरोबर झाडाला टेकलेलं. तपकिरी अस्वल धावून आलं तर तीस यार्ड दोन सेकंदांत कापतं. त्यामुळे पिस्तूल अंगावरच हवं, म्हणजे छातीवर.

पण हे होल्स्टर बेतलेले असतात पुरुषांच्या छातीवर. कायडेक्सचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, होल्स्टर मधोमध बसवला की चढावर दर श्वासाला बरगडीत रुततो. खूप खाली घेतला की पाय उचलताना नळीचं टोक मांडीला लागतं. वर घेतला की सॅकच्या छातीपट्ट्याचं बक्कल बरोबर मुठीवर! त्यात एका ऑनलाइन दुकानाने चार इंची नळीऐवजी सहा इंची नळीचा होल्स्टर पाठवला, आणि अलास्काचं परतीचं भाडंही माझ्याच माथी मारलं. यापुढे इथेच, अलास्कातल्या वासिलात बनणारे डायमंड डीचे चामड्याचे होल्स्टरच बघणार. चामडं अंगाला वळतं, कायडेक्स वळत नाही.

उपाय निघाला तो असा. होल्स्टर छातीच्या खाली, कमरपट्ट्याच्या चार बोटं वर, मूठ उजवीकडे तिरकी. सॅकचा छातीपट्टा सरकवून गळ्याच्या हाडापाशी. होल्स्टरचा खांद्याचा पट्टा मानेपासून दूर, खांद्याच्या टोकाकडे. रिकामं तपासून, सॅक चढवून, घरातच शंभर वेळा उपसून पाहिलं. आधी तीन सेकंद लागायचे, आता दीड. बोटं आपोआप मुठीवर जातात. फार बरं वाटलं!

आता रिव्हॉल्व्हर. माझं स्मिथ अँड वेसनचं ६२९, चार इंची नळीचं, चव्वेचाळीस मॅग्नम ही जोरदार गोळी झाडणारं, भरून १.३ किलो. रॅबिट क्रीकच्या नेमबाजी रेंजवर पहिली गोळी निशाणाच्या प्लेटवर लागते, पण धक्क्याने दुसरी कुठे जाते कळत नाही. शेजारणीचं ग्लॉक २० एसएफ हे पिस्तूल मागून घेऊन चालवलं. दहा मिलिमीटरच्या, २०० ग्रेन वजनाच्या हार्ड कास्ट (कडक शिशाच्या) गोळ्या, भरून जेमतेम १.१ किलो आणि एका वेळी पंधरा. एसएफची (शॉर्ट फ्रेम) मूठ मागच्या बाजूने कमी जाड असल्याने माझं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचतं. पाचपैकी चार प्लेटवर, पन्नासात एकही अडकली नाही. या वर्षी नवं पिस्तूल घेणार नव्हते, पण आता घेतेय.

अस्वलावर मारायचा तिखट स्प्रे मात्र डाव्या खांदापट्ट्यावर राहणारच, आणि आधी हात त्याच्याकडेच जाणार. अस्वलांचे अभ्यासक स्मिथ आणि हेरेरो यांच्या २००८च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांवर तो ९२ टक्के वेळा उपयोगी पडला होता.

लिहिता लिहिताच सुचलं: होल्स्टरचा पट्टा पाठीवर फुली करून नेला, तर सॅकची गादी त्यावर दाबणार नाही. आजच दोन बक्कलं शिवते आणि रविवारी तीन दिवसांचं सामान भरून क्रो पासच्या वाटेवर बघते.