ओळखीची बाई, पण ओळखपत्र नाही

तिच्याकडे पासपोर्ट नव्हता, कारण देशाबाहेर जायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. गाडी परवडत नव्हती, म्हणून लायसन्स नव्हतं. वय पन्नाशीच्या आतबाहेर, त्यामुळे ज्येष्ठांचा बसपास मिळायलाही बरीच वर्षं होती. ४ जुलै २०२४, ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीचा गुरुवार. सकाळी साडेआठच्या सुमारास ती आमच्या मतदान केंद्रात आली ती केअर होममधली रात्रपाळी संपवून, थेट. अंगावर कामाचाच निळा अंगरखा आणि गळ्यात फोटो असलेलं कामाचं ओळखपत्र.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका गावात राहते. एरवी ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि निवडणुकीच्या दिवशी पोल क्लार्क म्हणून बसते. केंद्र कुठलं, माणसं कोण, हे ओळखू येईल असं काही इथे लिहिणार नाही. तिथल्या गुप्ततेचं बंधन मी सही करून स्वीकारलेलं आहे आणि ते मला योग्यही वाटतं. माझे वडील सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवडणूक ड्यूटीवरून ते रात्री उशिरा घरी यायचे ते दमलेले, पण ताठ. या कामाबद्दलचा माझा आदर तिथून आला आहे.

इथलं केंद्र म्हणजे एका शाळेचा हॉल, दोन घडीची टेबलं आणि लाकडी आडोशांत दोरीने बांधलेल्या पेन्सिली. मशीन नाही, बोटाला शाई नाही. सकाळी सातला रिकामी मतपेटी उघडून दाखवायची, सील लावायचं आणि रात्री दहापर्यंत जागा सोडायची नाही. मतदार नाव-पत्ता सांगतो, आम्ही यादीत खूण करतो, मतपत्रिका देतो. २०२३ पर्यंत इंग्लंडमध्ये एवढंच पुरेसं होतं. घरी आलेलं पोलकार्ड, म्हणजे मतदानाची सूचनाचिठ्ठी, तीसुद्धा दाखवावी लागत नसे. नाव सांगा, मत द्या. भारतातून आलेल्या मला पहिल्यांदा हे पाहून धक्काच बसला होता.

मग २०२२ चा इलेक्शन्स अ‍ॅक्ट आला. तेव्हा पंतप्रधान होते बोरिस जॉन्सन. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून इंग्लंडमध्ये फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि सार्वत्रिक निवडणुकीत ते लागू होण्याची २०२४ ही पहिलीच वेळ. स्वीकारायच्या कागदपत्रांची यादी ठरलेली. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, ब्लू बॅज (अपंगांना मिळणारा पार्किंगचा परवाना), ज्येष्ठांचे बसपास, वयाचा दाखला म्हणून मिळणारं होलोग्रामचं कार्ड, व्हिसाचं बायोमेट्रिक कार्ड वगैरे. कंपनीचं ओळखपत्र त्यात नाही. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या, नर्सचं नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचं नाही.

तिने आधी गळ्यातलं कार्ड दाखवलं. मग पर्समधून पोलकार्ड, कौन्सिल टॅक्सचं (इथल्या घरपट्टीचं) बिल आणि बँकेचं डेबिट कार्ड काढून ओळीने टेबलावर मांडलं. यातलं काहीच चालत नाही, हे मी तिला शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. तिला आधी पटेना. तिने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या केंद्राध्यक्ष बाईंकडे पाहिलं. दोघी एकाच शाळेत शिकलेल्या, एकाच गल्लीत वाढलेल्या.

"अगं, मी कोण आहे हे तुला तरी माहीत आहे ना?"

"माहीत आहे गं, डक," केंद्राध्यक्ष म्हणाल्या. इकडे प्रेमाने हाक मारायची ती अशी. "पण माझ्या माहितीला आज किंमत नाही."

खरंच नाही. समोरची व्यक्ती अधिकाऱ्याच्या घरची असली तरी कार्डाशिवाय मतपत्रिका देता येत नाही. फोटो नीट जुळत असेल तर मुदत संपलेला पासपोर्टसुद्धा चालतो, पण मुदत संपायला तो कधीतरी काढलेला असावा लागतो. मी तिला विचारलं, शिकाऊ लायसन्स? नाही. घरी दुसरं काही? तिने मान हलवली. ओळखपत्र हरवलं किंवा चोरीला गेलं असेल, तर त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत इमर्जन्सी प्रॉक्सीचा अर्ज करता येतो, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला मत देता येतं. पण जे कधी नव्हतंच ते हरवणार कसं? ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी व्होटर अथॉरिटी सर्टिफिकेट नावाचा मोफत कागद आहे, त्याच्या अर्जाची मुदत २६ जूनलाच संपलेली. तिने त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

ती ओरडली नाही, रडली नाही. टेबलावरचे कागद एकेक करून पर्समध्ये ठेवले. "आई मला दर निवडणुकीला बरोबर घेऊन यायची. याच हॉलमध्ये," एवढं म्हणाली आणि गेली. मी नियमाप्रमाणे फॉर्मवर नोंद केली. यादीतलं कागदपत्र नसल्याने परत पाठवलेला मतदार, म्हणून एक रेघ.

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये माझा पासपोर्ट होता. निळा, अशोकस्तंभाचा. मी भारतीय नागरिक आहे आणि ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मला मत आहे, कारण इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तो हक्क आहे. जुन्या साम्राज्याच्या काळापासून चालत आलेला. फ्रान्सच्या किंवा पोलंडच्या नागरिकाला तो नाही. ओळखपत्रांच्या यादीतही राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट आहेत. म्हणजे मी मिरजेत जन्मलेली बाई मत देऊ शकत होते, आणि त्या हॉलपासून दोन गल्ल्यांवर जन्मलेली ती देऊ शकत नव्हती. माझा हक्क कुणी काढून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. मी इथे कर भरते, माझी मुलं इथल्या शाळेत जातात. पण त्या सकाळी हे मला फार लागलं. आपण परदेशात आलेली माणसं कागदांची माणसं असतो. प्रत्येकाच्या घरी एक जाडजूड फाइल असते, व्हिसा, दाखले, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळं झेरॉक्ससकट. आपल्याला पावलोपावली मागितलेलं असतं. जो माणूस एकाच गावात जन्मला, तिथेच राबला, ज्याला कुणी कधी पुरावा मागितलाच नाही, तो या कायद्यात अडकतो. तोही गरीब असला तरच. श्रीमंताकडे पासपोर्ट असतो.

दिवस पुढे गेला. एक गुजराती आजोबा ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड, घेऊन आले. ते चालत नाही, कारण तो पासपोर्ट नव्हे. अर्ध्या तासाने बसपास घेऊन परत आले आणि मत देऊन गेले. आपल्या मराठी वाचकांसाठी एक सांगून ठेवते. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मतदार यादीत सासरचं, असं असेल तर बरोबर लग्नाचा दाखला आणा. त्या दिवशी एका तरुण बाईंचं असंच झालं होतं, पण त्यांनी दाखला आणला होता, काम झालं. स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकाने किंवा पत्ता वेगळा असल्याने अडत नाही.

संध्याकाळी एक मुलगा आला. पहिलंच मतदान. फोनवर तरुणांचं रेल्वे सवलत कार्ड, त्यावर त्याचा फोटो. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "माझ्या आजीचा बसपास चालला. दोन्हीवर फोटो आहे. मग फरक काय?"

मला उत्तर देता येत नव्हतं. ड्यूटीवर मत मांडायचं नसतं. आता मांडते. फरकाचं पटणारं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. ज्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने कायदा केला त्याचा आधार वयस्क मतदारांत होता, आणि यादीत वयस्कांची कार्डं भरपूर, तरुणांची नावापुरती. त्याच पक्षाचे माजी मंत्री जेकब रीस-मॉग २०२३ मध्ये एका परिषदेत जाहीरपणे बोलून गेले की ओळखपत्राची सक्ती हा निवडणूक आपल्या बाजूला झुकवण्याचा प्रयत्न होता आणि तो उलटला, कारण अडचण झाली ती वयस्कांची. हे वाचून मला दिलासा वाटला नाही, संताप आला.

कायद्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते टाळणार नाही. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधली २०१४ ची महापौर निवडणूक गैरप्रकारांमुळे कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केली होती. त्यानंतरच्या सरकारी अहवालात ओळखपत्राची शिफारस झाली. उत्तर आयर्लंडमध्ये २००३ पासून फोटो ओळखपत्र लागतं आणि तिथे लोकांना त्याची सवय झाली आहे. पण केंद्रावर येऊन दुसऱ्याच्या नावाने मत देणं, जे या सक्तीने थांबतं, ते मुळात किती होतं? २०१९ मध्ये अख्ख्या देशातून अशा ३३ तक्रारी आल्या होत्या, त्या वर्षी पडलेली मतं कोट्यवधी. पोस्टाने मत देणाऱ्याला तर हे फोटो ओळखपत्र दाखवावंच लागत नाही.

मी ओळखपत्राच्या विरोधात नाही. भारतात वाढलेल्या माणसाला ते खटकत नाही. पण आपल्याकडे शेषन यांच्या काळात, १९९३ पासून, निवडणूक आयोगाने आधी मतदाराच्या हातात कार्ड द्यायला घेतलं. ते नसेल तर आधारपासून बँकेच्या फोटो असलेल्या पासबुकापर्यंत पर्याय ठेवले. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्र नाहीच. एकदा आणलं होतं, तो कायदा २०१० मध्ये रद्द झाला. नागरिकाला कार्ड द्यायचं नाही आणि मग ते मागायचं, हे मला मान्य नाही. मोफत प्रमाणपत्राची सोय केली, पण एप्रिल २०२३ च्या पहिल्या मुदतीपर्यंत त्यासाठी अर्ज आले जेमतेम ८५ हजार. योग्य ओळखपत्र नसलेल्यांचा अंदाज होता वीस लाखांच्या घरात.

तो मुलगा रात्री दहाला थोडी मिनिटं असताना धावत आला, हातात शिकाऊ लायसन्स. धाप लागल्यामुळे त्याला नावही नीट सांगता येईना. मतपत्रिका घेताना हसला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. ती मात्र परत आली नाही. येणार तरी काय घेऊन?

दहाला दार बंद झालं. केंद्राध्यक्ष वापरलेल्या आणि उरलेल्या मतपत्रिकांचा हिशेब जुळवत होत्या, मी ओळखपत्राचा फॉर्म पूर्ण करत होते. बाहेर कुणाच्या तरी फोनवर एक्झिट पोल लागला होता. लेबर पक्षाला ४१० जागा. सगळा देश त्या आकड्याबद्दल बोलत होता, चौदा वर्षांनी सरकार बदलत होतं. आमच्या टेबलावर कुणी बोललं नाही. फॉर्मवर दोन रकाने असतात, किती जण परत पाठवले आणि त्यातले किती पुन्हा येऊन मत देऊन गेले. दोघांत एकाचा फरक होता. केंद्राध्यक्ष बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "उद्या तिच्या घरावरूनच मला जायचंय."

नंतर इलेक्टोरल कमिशनने आकडे दिले. त्या दिवशी देशभरात सुमारे १६ हजार मतदार ओळखपत्राअभावी परत गेले ते आलेच नाहीत, केंद्रावर आलेल्यांच्या ०.०८ टक्के. हे आकडेही पूर्ण नाहीत. काही केंद्रांवर दारातच कर्मचारी सूचना देतात, तिथून मागे फिरलेला माणूस फॉर्मवर येत नाही. जो घरातूनच निघाला नाही, तो तर नाहीच नाही. ०.०८ म्हणजे नगण्य, असं मला बरेच जण सांगतात. त्याच निवडणुकीत लंडनच्या हेंडनची जागा १५ मतांनी ठरली आणि पूलची १८ मतांनी. आणि समजा १५ हजारांनी ठरली असती, तरी तिचं मत तिचंच होतं.

मे २०२४ च्या स्थानिक निवडणुकीत खुद्द बोरिस जॉन्सन ओळखपत्र विसरून गेले होते आणि त्यांनाही परत पाठवलं होतं. लोक त्यावर हसले. मला हसू आलं नाही. ते घरी जाऊन ओळखपत्र घेऊन आले आणि मत देऊन गेले.

जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारने जाहीर केलं की ब्रिटिश बँकांची कार्डंही ओळख म्हणून चालतील असा बदल करणार, आणि मतदानाचं वय सोळा करणार. बँक कार्डावर फोटो नसतो, त्यामुळे यावर वादही जोरात आहे. माझा या बदलाला मनापासून पाठिंबा आहे, आणि तो का, हे त्या सकाळी टेबलावर काय काय मांडलं गेलं होतं ते वाचलेल्यांना सांगायला नको.

तोवर जे हातात आहे ते करायचं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत मी आता एक टेबल लावते. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या अनेकांना आपल्याला मत आहे हेच माहीत नसतं. नोंदणी ऑनलाइन होते, काही मिनिटांत. मोफत प्रमाणपत्रासाठी नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि एक फोटो लागतो, आणि अर्ज मतदानाच्या सहा कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी पाचच्या आत करावा लागतो. फाइलवाल्या आपल्या लोकांना त्याची गरज सहसा पडत नाही. म्हणून प्रत्येकाला सांगते की शेजारच्या घरी जाऊन विचारा, ज्या घरातलं कुणी कधी परदेशी गेलेलं नाही त्या घरी आधी.