अण्णांची कवळी

सकाळी बेसिनवर खण्णकन आवाज आला. अण्णांची वरची कवळी हातातून निसटली आणि मधोमध दोन तुकडे! मी ऑफिसला निघायच्या घाईत, "थांबा, दोन मिनिटांत जोडतो" म्हणत चपलांसाठी आणलेला झटपट गोंद काढला. (इंजिनिअर ना मी!) जोडलीही. अण्णांनी ती घातली, पोह्याचा एक घास चावला आणि कट्. शिवाय हिरडीला रेघ पडली ती वेगळीच.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तुकडे उजेडात धरले. "गोंद कुणी लावला?" अण्णांनी न बोलता माझ्याकडे बोट केलं. हा माणूस चाळीस वर्षं मास्तर होता, लाज कशी काढायची ते त्यांना बरोबर कळतं.

बाई म्हणाल्या, नुसते तुकडे आणले असते तर मेणाने जुळवून, मागे प्लास्टर ओतून, फटीत नवं ॲक्रिलिक भरलं असतं, काही तासांचं काम. आता कडांवर गोंदाचा थर बसलाय, तो खरवडला की तुकडे नीट जुळत नाहीत. केसभर फरक पडला तरी कवळी टोचते. आणि मुळात ती मधोमध तुटली, कारण आठ वर्षांत जबड्याचं हाड झिजलंय, कवळी आत डुगडुगत होती. म्हणजे आता नवीनच.

माप दिलंय. तोवर मऊ भात. घरी येताना अण्णा बोळक्या तोंडाने एवढंच म्हणाले, "चप्पल मात्र चांगली जोडतोस हो."