नुडसेन सेल: वजनापेक्षा तापमान सांभाळा

२५ अंश सेल्सिअसला बेंझोइक आम्लाचा बाष्पदाब (पदार्थाशी समतोलात असलेल्या त्याच्याच वाफेचा दाब) साधारण ०.१ पास्कल असतो, म्हणजे हवेच्या दाबाचा जेमतेम दहा लाखावा भाग. तो मोजायची वाट डेन्मार्कच्या मार्टिन नुडसेन यांनी १९०९ मध्ये दाखवली. पदार्थ बारीक छिद्राच्या बंद सेलमध्ये भरायचा, सेल निर्वातात ठेवायची आणि ठरावीक वेळात वजन किती घटलं ते बघायचं.

हिशोब असा: घटलेलं वस्तुमान छिद्राच्या क्षेत्रफळाने आणि वेळेने भागा. मग २ × पाय (π) × वायू स्थिरांक × केल्विन तापमान भागिले मोलर वस्तुमान (एका मोलचं वस्तुमान), याच्या वर्गमुळाने गुणा, की दाब मिळतो. १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून वर दिलेल्या ०.१ पास्कल दाबाला तासाला सुमारे ०.८ मिलिग्रॅम पदार्थ जातो. पाच तासांत चारेक मिलिग्रॅम. सूक्ष्म तराजूला हे सहज पेलतं.

खरी परीक्षा तापमानाची. या पदार्थाचा बाष्पदाब अंशामागे जवळजवळ १२ टक्के बदलतो. सेलचं तापमान स्थिर ठेवणारा बाथ ०.१ अंशाने हलला तर सव्वा टक्क्याची चूक तिथेच झाली, मग तराजू कितीही महागडा असो. त्यात संप्लवनाने, म्हणजे घनातून थेट वाफ होताना, पदार्थ स्वतःच थंड होतो. म्हणून सेल धातूची घ्यावी, पूड तळाशी घट्ट दाबून बसवावी आणि सेल तापमान राखणाऱ्या ठोकळ्याला नीट टेकलेली असावी.

छिद्राचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या दिशांनी मोजा. व्यासात १ टक्का चूक म्हणजे क्षेत्रफळात २ टक्के. पत्र्यालाही जाडी असते, काही रेणू कडेला आपटून परत फिरतात. ०.०५ मिलिमीटर पत्रा आणि १ मिलिमीटर छिद्र असेल तर क्लाउझिंग गुणक (छिद्रात शिरलेल्यांपैकी पार जाणाऱ्या रेणूंचं प्रमाण) सुमारे ०.९५ येतो. आलेला दाब त्याने भागायचा.

दाब १ पास्कलच्या आसपास गेला की रेणूंचा मुक्त पथ (दोन धडकांमधलं सरासरी अंतर) काही मिलिमीटरवर येतो, रेणू छिद्राशीच एकमेकांना धडकू लागतात आणि सूत्र डळमळतं. तिथे छिद्र लहान करा किंवा तापमान उतरवा.

पहिल्या फेरीचा आकडा टाकून द्या, त्यात ओलावा आणि हलक्या अशुद्धी निघून जातात. पुढे तीन वेगवेगळ्या छिद्रांनी त्याच तापमानाला दाब मोजा. मोठ्या छिद्राला दाब कमी दिसला, तर आतली वाफ समतोलाला पोचत नाही असं समजा आणि दाब विरुद्ध छिद्राचं क्षेत्रफळ असा आलेख काढून शून्य क्षेत्रफळाकडे रेषा वाढवून खरा दाब काढा.

मोलर वस्तुमान मात्र वाफेचं घ्यायचं, बाटलीवरचं नव्हे. ॲसेटिक आम्लासारखी वाफ जोड्यांनी फिरते. तिथे एकट्या रेणूचं वस्तुमान धरलं तर दाब जास्त निघतो.