चाळ लिहिती ठेवताना

करी रोडजवळची एक चाळ, साल 1981. तीन मजले, मजल्यामागे एक नळ, टोकाला सामाईक संडास, तळाला पिठाची चक्की. ही चाळ नकाशावर सापडणार नाही, कारण ती आम्ही काही जण मिळून डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर लिहितो. प्रत्येकाकडे एक खोली आणि एक पात्र. गोविंद परब हा गिरणीच्या साचेखात्यातला बदली कामगार, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच ज्याला काम मिळतं असा; इंदूताई खानावळ चालवते, साताऱ्याकडचे आबा साळुंखे जॉबर, म्हणजे कामगारांना कामावर लावणारे मुकादम आहेत, चक्कीवाल्याचा मुलगा दहावीला बसलाय. परबाचं काय झालं हे परब ज्याच्याकडे आहे तोच लिहितो. इंदूताईने त्याला काय उत्तर दिलं, हे इंदूताईवाली लिहिते. पुढे काय होणार हे कुणा एकालाच ठाऊक आहे असं कधीच नसतं आणि म्हणूनच मला हे लिहिणं इतकं प्रिय आहे.

टाळेबंदीत हे सुरू झालं तेव्हा गट टिकवायला काहीच करावं लागलं नाही. सगळे घरीच होते. रात्री झोपताना वाचलं तर सकाळी गॅलरीत चार नवी भांडणं झालेली असायची. मग ऑफिसं उघडली, लोकल भरू लागल्या आणि चाळीतली वर्दळ उतरत गेली. आधी उत्तरं उशिरा येऊ लागली, नंतर येईनाशी झाली. सुरुवातीच्या सूत्रधाराची नोकरी बदलली आणि त्याने ते काम माझ्याकडे दिलं. त्या वेळी चाळीत अक्षरशः शुकशुकाट होता. पडद्यामागच्या गप्पांच्या चॅनेलवर लोक एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होते, पण कथेत कुणी दार उघडून बाहेर येत नव्हतं.

लोकांना वेळ नाही, हे कारण सगळेच सांगत होते. मला ते पुरेसं वाटेना, कारण तीच माणसं व्हॉट्सॲपवर तासन्‌तास लिहीत होती. म्हणून मी जुना मजकूर पहिल्यापासून वाचायला घेतला आणि एकच गोष्ट पाहत गेले: कुठल्या पोस्टला उत्तर आलं आणि कुठल्या पोस्टनंतर चाळ गप्प झाली.

उत्तर अनपेक्षित निघालं. चाळ गप्प झाली होती ती सगळ्यात सुंदर पोस्टींनंतर. परब दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी येतो, अंगाला तेलाचा आणि कापसाच्या तुसाचा वास, त्याला गावचं खळं आठवतं, तो खिडकी लावतो आणि झोपतो. काय लिहिलं होतं! सगळ्यांनी खाली बदाम टाकले. आणि त्यानंतर कितीतरी दिवस कुणीच काही लिहिलं नाही. कसं लिहिणार? परब झोपला होता. त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं, कुणाच्या दारावरून तो गेला नव्हता. उलट इंदूताईची एक दोन ओळींची पोस्ट होती: ‘परब, तीन दिवस तुमचा डबा तसाच परत येतोय. गेटवर काम मिळत नाही की जेवण आवडत नाही?’ त्यावर संध्याकाळपर्यंत चौघांनी लिहिलं. परबाने उत्तर दिलं, शेजारच्या कुसुमने ते ऐकलं, आबांच्या कानावर गेलं, आणि बदली कामगारांना काम लावून देताना जॉबर काय काय घेतात इथपर्यंत प्रकरण पोचलं.

आमच्यातला एक जण कुडाळचा, दशावतार पाहत मोठा झालेला. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला जराही नवल वाटलं नाही. दशावतारात संहिता नसते. आख्यान कुठलं हे आधी ठरतं, पण संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या रचले जातात. तो म्हणाला, ‘समोरच्याक उत्तर देऊक जागा ठेवली नाय, तर नाटक थंयच बसता.’ चांगला राजा आणि चांगला राक्षस एकमेकांना शब्द पुरवत राहतात, म्हणून पहाटेपर्यंत खेळ चालतो.

तिथून आमचा पहिला नियम आला. पोस्ट कितीही लहान असो वा मोठी, ती संपताना दुसऱ्या एखाद्या पात्राकडे काहीतरी गेलं पाहिजे. प्रश्न, निरोप, उसनं रॉकेल, संशय, चुकून दुसऱ्याच्या दारात पडलेलं पत्र, काहीही. चाळ या बाबतीत फार उदार जागा आहे. नळावर, जिन्यात, संडासच्या रांगेत माणूस माणसाला टाळूच शकत नाही. जंगलात किंवा अंतराळात कथा मांडणाऱ्या गटांना पात्रं एकत्र आणायला खटपट करावी लागते. आम्हाला नुसतं पाणी सोडलं की पुरतं.

सुंदर लिहिणाऱ्यांना हा नियम आधी जाचक वाटला. परबवाला तर दुखावलाच. त्याचं म्हणणं होतं की काही क्षण एकट्याचेच असतात. त्याचं खरं होतं, म्हणून आम्ही ‘खोलीत’ असं वेगळं चॅनेल केलं. तिथे आतलं, एकट्याचं, कितीही लांब लिहावं, उत्तराची अपेक्षा नाही. ‘गॅलरीत’ मात्र जे येईल ते दुसऱ्यासाठी. पुढे असं झालं की परबाच्या खोलीतलं वाचून इतरांना गॅलरीत त्याला काय विचारायचं ते सुचू लागलं.

दुसरी अडचण वेगाची होती. आमच्यातली दोघं न्यू जर्सीत राहतात. आम्ही झोपलेलो असताना त्यांची संध्याकाळ असते आणि दोघींचाही हात भराभर चालतो. सकाळी उठून पाहावं तर कुसुम आणि चक्कीवालीचं भांडण होऊन, मिटून, त्या दोघी हळदीकुंकवालाही जाऊन आलेल्या. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला आपण मागे पडलो असं वाटतं, आणि मागे पडलेला माणूस लिहिणं सोडतो. गट रिकामा व्हायला रुसवाफुगवा लागत नाही, एवढं पुरतं. म्हणून गॅलरीत ठरलं: एकदा लिहिलं की मध्ये आणखी दोघांनी लिहीपर्यंत थांबायचं. दोघींनी हे मनापासून पाळलं आणि उरलेला उत्साह एकमेकींना गावाहून येणारी पत्रं लिहिण्यात घातला. ती पत्रं आमच्या चाळीतलं उत्तम लेखन आहे, असं माझं मत आहे.

परकायाप्रवेशावरून मात्र खरोखर वाद झाला. दुसऱ्याच्या पात्राकडून परस्पर काही करून घेणं, याला आम्ही परकायाप्रवेश म्हणतो. एकाने लिहिलं की परबाने आबांना पन्नासची नोट दिली आणि आबांनी ती खिशात घातली. आबा ज्यांच्याकडे होते त्या बाई एकदम गप्प झाल्या. त्यांच्या मनातले आबा पैसे घेणारे नव्हते, निदान त्या दिवशी तरी नव्हते. मी दोघांशी वेगवेगळं बोलले. मग ठरलं की नोट पुढे करण्यापर्यंत लिहायचं, ती घ्यायची की नाही हे ज्याचा हात त्याने ठरवायचं. आबांनी नोट परत केली आणि दुसऱ्या दिवशी परबाला न सांगता कामावर लावलं. त्या एका कृतीने आबा आधीपेक्षा कितीतरी मोठे झाले. दुसऱ्याने परस्पर लिहून टाकलं असतं तर हे हाती लागलं नसतं.

आता गैरहजेरीबद्दल सांगते, कारण माझ्या मते गट याच ठिकाणी तुटतात. माणूस पंधरा दिवस लिहीत नाही, मग त्याला संकोच वाटतो, संकोचाने तो आणखी महिनाभर येत नाही आणि शेवटी गुपचूप निघून जातो. आम्ही गिरणीच्या पाळ्याच वापरायला घेतल्या. गिरण्यांत पहिली पाळी सकाळी सातला लागे आणि साडेतीनला सुटे, दुसरी तिथून रात्री बारापर्यंत आणि तिसरी पहाटे सातपर्यंत. आमच्याकडे नावापुढे पाळी लिहायची. पहिली म्हणजे दोन-तीन दिवसांत उत्तर देईन. दुसरी म्हणजे आठवड्याला एकदा. तिसरी म्हणजे सध्या फक्त वाचतोय. आणि ज्याला अजिबात जमणार नाही त्याचं पात्र गावी जाईल. कारण विचारायचं नाही. गावी गेलेल्याला कुणी मारायचं नाही, त्याचं लग्न लावायचं नाही, त्याची खोली दुसऱ्याला द्यायची नाही. त्याच्या नावाने मनीऑर्डर मात्र करता येते.

गिरणगावाला हे शोभून दिसतं. कोकणातला कामगार शिमग्याला आणि गणपतीला गावी जायचाच, घाटावरचा जत्रेला. खोलीला कुलूप दिसलं की शेजाऱ्यांना त्यात काही खटकायचं नाही. आमच्यातली एक जण आईच्या आजारपणात कितीतरी महिने आली नाही. परतली तेव्हा तिने माफी वगैरे काही लिहिली नाही. तिची पोस्ट अशी होती की कुसुम परळला एसटीतून उतरली, डोक्यावर तांदळाची पिशवी, हातात कुळथाचं गाठोडं, आणि जिन्यात तिने विचारलं, ‘माझ्या नळाचा नंबर कुणी घेतला?’ त्या रात्री झाडून सगळ्यांनी लिहिलं.

आठवड्याचा ‘भोंगा’ हे काम माझं. रविवारी रात्री मी पाच-सात ओळी टाकायची: चाळीतली तारीख काय, हवा कशी, गिरणीत काय चाललंय, कुणाचा प्रश्न कुणाकडे अनुत्तरित पडलाय. महिनाभराने परतलेल्या माणसाला मागचं सगळं वाचावं लागू नये, एवढाच हेतू. सूत्रधाराने याहून जास्त कथा हाकू नये असं मला वाटतं.

तपशिलांसाठी आमचं ‘दफ्तर’ आहे. कुणी जानेवारी 1982 मध्ये रंगीत टीव्ही आणला, तर दफ्तरात सांगितलं गेलं की दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षीच्या ऑगस्टपासूनचं. कुणी रत्नागिरीला रेल्वेने निघाला, त्याला एसटीत बसवलं, कारण कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती 1998 मध्ये. ही तपासणी रुक्ष वाटेल, पण तिने गटात जीव आणला. लोक आपल्या काकांना, मावशांना, निवृत्त शेजाऱ्यांना फोन करू लागले. खानावळीत महिन्याचा हिशेब कसा ठेवायच्या, साच्यावर धागा तुटला की काय करायचं, असे प्रश्न. इंदूताईवालीला तिच्या मावशीकडून कळलं की प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये याच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. मग इंदूताई कर्ज काढायला निघाली आणि नवऱ्याशी झालेल्या तिच्या वादात अख्खा मजला ओढला गेला.

एवढ्यात कथेचं कॅलेंडर 18 जानेवारी 1982 ला येऊन पोचलं. मुंबईच्या कापड गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तो दिवस. संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या मागे जायचं की नाही, यावर चाळीत महिनाभर लिहिलं गेलं. आबा कायद्याने मान्यता असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे जुने सभासद, परब सामंतांच्या बाजूचा, इंदूताईला प्रश्न एकच, उधारी किती दिवस चालवायची. संप कसा गेला हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण पात्रांना ठाऊक नव्हतं. सगळे जण दोन महिन्यांत परत कामावर जाऊ असं धरून बोलत होते आणि ते लिहिताना आमच्या हातांना जड जात होतं.

संप लागला आणि गिरणीचा भोंगा बंद झाला, तेव्हा रविवारच्या पोस्टीचं नावही बदलावं लागलं. आता तिला ‘नळ’ म्हणतात, कारण पाणी तेवढं वेळेवर येत राहिलं. आणखी एक गोष्ट आपोआप जुळली. ज्यांनी गट कायमचा सोडला होता त्यांची पात्रं गावीच होती. संपात हजारो कामगार खरोखर गावी गेले आणि त्यातले कितीतरी परतले नाहीत. त्या बंद खोल्या आम्ही आहेत तशा ठेवल्या. चक्कीवाल्याच्या मुलाने एका कुलपाबद्दल जी पोस्ट लिहिली, ती ज्याची खोली होती त्याला मी पाठवली. त्याने उत्तरात गावाहून एक पोस्टकार्ड लिहून दिलं. तो परत आला नाही, पण कार्ड चाळीत सगळ्यांनी वाचलं.

सध्या आमच्याकडे ऑगस्ट 1982 आहे. 18 तारखेला मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला होता, त्यासाठी एक नवी लेखिका हवालदाराची बायको म्हणून दुसऱ्या मजल्यावर राहायला आलीय. गणपती काही दिवसांवर आहेत आणि वर्गणी कुणाकडून मागायची यावर मंडळाची बैठक अडलीय. शेवट कुठे करायचा यावर पडद्यामागे दोन तट आहेत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तेव्हा इतिहासाने आम्हाला शेवटची तारीख दिलेली नाही. काहींना पहिला साचा पुन्हा सुरू होईल तिथे थांबायचंय. परबवाल्याला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांपर्यंत जायचंय. मी त्याच्या बाजूची आहे, पण मत सगळ्यांचं घेणार. त्याआधी वर्गणीचा प्रश्न आबांकडे अनुत्तरित पडलाय आणि आबा या आठवड्यात दुसऱ्या पाळीला आहेत.