मालवणची हवा आणि दादाचं विमान

मालवणला गेले ते सुरमई खायला. पण सोबत दादा असला की कुठलाही विषय विमानावरच उतरतो. तो घरच्या घरी किटचं विमान बांधतोय, दोन माणसांचं, आणि सध्या गाडं इंजिनावर अडलंय. साधं घ्यायचं की टर्बो, म्हणजे विरळ हवाही दाबून आत घेणारं? साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी उतरते. रोटॅक्स ९१५ हे टर्बो इंजिन मात्र आपली १४१ एचपी १५,००० फुटांपर्यंत टिकवतं, हे मला आंबोली घाटात तीनदा ऐकवून झालं.

किल्ला पाहिला. गर्दी होती, ऊन होतं, झालं.

मग स्कूबाची होडी. शेजारच्या काकांनी घाबरत विचारलं, "ऑक्सिजन मध्येच संपला तर?" होडीवाला हसला. "ऑक्सिजन नाय ओ तो. हवाच आसा, तुमची-आमची." दादाचे कान टवकारले. डायव्हिंग बाजूलाच राहिलं आणि दुपारी आम्ही होडीवाल्याच्या शेडमध्ये. कॉम्प्रेसर धडधडत होता, सिलिंडर पाण्याच्या टाकीत उभे, कारण २०० बार दाबापर्यंत भरताना ते चांगलेच तापतात. हवा ओढणारा पाइप छपराच्या वर काढून बांधलेला, इंजिनाचा धूर आत जाऊ नये म्हणून. निव्वळ ऑक्सिजन पाण्यात सहा मीटरच्या खाली घेतला तर फिट येऊ शकते, असं होडीवाला म्हणाला. दादाचं गणित बरोबर उलटं. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच, पण १८,००० फुटांवर हवेचा दाबच निम्मा. म्हणून तिथे ऑक्सिजनची बाटली लागते. तेवढ्या उंचीपर्यंत नाकातली नळी चालते, त्यावर मास्क. अमेरिकेत १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचं तर पायलटला ऑक्सिजन सक्तीचा, १४,००० च्या वर पूर्ण वेळ.

"खाली माणूस घाबारता, हात हलवता, माका कळता," होडीवाला म्हणाला. "वर कसा कळता?"

दादा म्हणाला, वर कळतच नाही. ऑक्सिजन कमी पडला की उलट मजा वाटायला लागते, आपण फार छान उडवतोय असं वाटतं. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर.

"आणि तो आकडो बघूचो कोणी? मजा येता त्यानाच?"

एवढी वर्षं आम्ही घरचे डोकं फोडतोय, पण दादाला असं गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

माझं मत विचाराल तर टर्बो म्हणजे निव्वळ हौस. वजन वाढतं, उष्णता वाढते, खर्च तर विचारूच नका. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायला साधं इंजिन भरपूर झालं. पण दादाला लेह हवंय, जिथली धावपट्टीच १०,६०० फुटांच्या वर आहे. मग विमानाचं तिकीट काढ की!

रात्रीची सुरमई महाग आणि कोरडी. होमस्टेवाल्या काकूंनी मात्र न मागता तिसऱ्यांदा सोलकढी वाढली, आणि दादाने तेवढ्यात त्यांच्याही बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८.

टर्बो तो घेणारच आहे. पण १२,००० फुटांच्या वर एकट्याने जायचं नाही, एवढं त्याने कबूल केलंय. वहिनीने आधीच नकार दिलाय, त्यामुळे सध्या त्याचा माझ्यावर डोळा आहे.