लेकीचे पहिले महिने

नौपाडा, ठाणे. मे महिना, दुपार.

माहेरी आल्यापासून बाळाला पाहायला रोज कुणी ना कुणी येते. येणारी बाई बाळाच्या मुठीत नोट सरकवते, कानशिलावर बोटे मोडते आणि मग माझ्याकडे वळून विचारते, "परक्या देशात एकटीनं कसं गं निभावलंस?" विचारण्यात माया असते, म्हणून मीही "झालं सगळं नीट" एवढेच म्हणते आणि चहा टाकायला उठते. हे उत्तर खरे असले तरी पुरते नाही. माझ्या आजवरच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता, आणि त्या सुखात त्या परक्या देशाचाही मोठा वाटा होता. लेक मोठी झाल्यावर तिला हे वाचता यावे म्हणून, ती पाळण्यात झोपली आहे तोवर, आठवेल तसे लिहून ठेवते.

ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टलवेन या गावात आमचे बिऱ्हाड आहे आणि लेक जन्मली ती नोव्हेंबरात. नेदरलँड्समध्ये प्रसूती सरळ झाली आणि बाळबाळंतीण सुखरूप असली, तर काही तासांतच घरी पाठवतात. पहाटे जन्म आणि संध्याकाळी घर, हे ठाण्याहून आलेल्या माझ्या आईच्या पचनी पडेना. "एवढ्या थंडीत ओली बाळंतीण कुणी बाहेर काढतं का?" असे ती गाडीत बसेपर्यंत म्हणत होती. घरी का पाठवतात, याचे उत्तर तिला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले, कारण दाराची घंटा वाजली आणि क्रामझोर्खची परिचारिका आत आली.

या क्रामझोर्खविषयी इथे कुणाला सांगितले की प्रथम विश्वास बसत नाही. बाळंतिणीच्या घरी येऊन आई आणि बाळ दोघांची देखभाल करणारी प्रशिक्षित बाई तिकडे प्रत्येक कुटुंबाला मिळते. सर्वसाधारणपणे आठ दिवसांत मिळून 49 तास तिने यायचे असते. गरज कमी-जास्त असेल तर 24 पासून 80 तासांपर्यंत. खर्चाचा बराचसा भाग आरोग्यविम्यातून भागतो. आमच्याकडे आलेली बाई पन्नाशीची, उंच, आणि हलक्या हाताची होती. रोज सकाळी ती बाळाचे वजन करी, ताप पाही, माझे टाके आणि नाडी तपासून सगळे एका वहीत लिहून ठेवी. मग न्हाणीघर पुसून काढी, माझ्यासमोर जेवण आणून ठेवी आणि मी जेवत असताना बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारी. बाळाला छातीशी कसे धरायचे, तोंड नीट लागले आहे हे गालावरून आणि गिळण्याच्या आवाजावरून कसे ओळखायचे, हे तिने मला घाई न करता, पुन्हा पुन्हा दाखवले. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जी तपासणी करतात, तीसुद्धा पहिल्याच आठवड्यात घरी येऊन केली गेली. मला उंबरठा ओलांडावा लागला नाही. बाळंतिणीने घराबाहेर पडू नये असे आपण म्हणतो. ते पाळायची सोय मला परदेशात मिळाली, हे मी मुद्दाम नोंदवते.

त्या बाईची एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे अजून जशीच्या तशी आहे. बाळाच्या अंगाचा ताप 36.5 ते 37.5 अंशांच्या दरम्यान राहायला हवा होता आणि पहिल्या दोन दिवसांत तो थोडा खाली रेंगाळत होता. तिने धातूची एक बसकी बाटली गरम पाण्याने भरली, बूच घट्ट पिळले, बाटली उलटी धरून एक थेंबही गळत नाही ना हे पाहिले, तिला विणलेले जाड आवरण चढवले आणि बाळापासून जरा अंतर राखून पांघरुणात ठेवली. अर्ध्या तासाने तिने आईचा हात धरून बाळाच्या मानेमागे ठेवला. मान उबदार लागली. आईला डच येत नव्हते आणि त्या बाईला मराठी, तरी त्या दिवसापासून आई तिला 'ताई' म्हणू लागली आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली.

दोघींचे सगळेच जुळले असे नाही. आईने सामानातून मोहरीची उशी नेली होती, बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून. बाळाला उताणे निजवायचे, उशी नाही, रजई नाही, अंगात फक्त झोपेची पिशवी, यावर ताई ठाम होती. बाळाला पालथे निजवू नका असे नेदरलँड्समध्ये 1987 पासून सांगितले जाऊ लागले आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिकडे फार घटली, हे नवऱ्याने आईला समजावून सांगितले. आईने ते ऐकून घेतले, उशीची शिवण उसवली आणि मोहरी फोडणीच्या डब्यात ओतली. डोके गोल होण्याचे काम तिने आपल्या तळहाताकडे घेतले. नाळ पडल्यावर ती रोज तेलाच्या हाताने टाळू भरी, आणि तिकडच्या अरुंद न्हाणीघरात पाय लांब करून बसायला जागा नसल्यामुळे दिवाणखान्यात प्लास्टिक अंथरून, पायांवर घेऊन नातीला न्हाऊ घाली. ताईने एकदा हे सगळे उभे राहून पाहिले आणि पाण्यात कोपर बुडवून ते फार गरम नाही एवढी खात्री करून घेतली. एका बाळासाठी दोन रीती अशा समजूतदारपणे शेजारी शेजारी नांदताना पाहणे हे माझे पहिले मोठे सुख.

बाळ पाहायला येणाऱ्यांना तिकडे पेढे-बर्फीऐवजी गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेले ॲनिसचे दाणे पसरून देतात; मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे, मुलगा झाला तर निळे-पांढरे. 2003 मध्ये राजकन्या अमालिया जन्मली तेव्हा ते नारिंगी रंगातही विकायला आले होते. या दाण्यांनी आईच्या अंगावर दूध उतरते अशी तिकडची जुनी समजूत आहे. शेपू, बडीशेप आणि ॲनिस एकाच कुळातल्या वनस्पती, तेव्हा आईने ठाण्याहून आणलेल्या बाळंतशोपांचा डबा त्या दाण्यांच्या डब्याशेजारी ठेवला आणि ताईला चिमूटभर खायला दिल्या. तिने त्या चावून पाहिल्या आणि मान डोलावली. मी दोन्ही खाल्ले, शिवाय अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, आणि शेपूची भाजी भाकरीबरोबर. दूध भरपूर आले.

नावाची गोष्ट मला फार आवडते. जन्माची नोंद तिकडे तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत करावी लागते आणि त्या नोंदीत नाव लागते; आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. नवरा तिसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन नाव नोंदवून आला. ते आम्हां दोघांनाच ठाऊक होते, आणि बाराव्या दिवसापर्यंत आम्ही ते घरातही मोठ्याने उच्चारले नाही. मधले दिवस ती नुसती छकुली होती. बाराव्या दिवशी आम्ही लाकडी खाटल्याला फुलांच्या माळा बांधल्या, आईने घुगऱ्या आणि सुंठवडा केला, शेजारच्या दोन मराठी मैत्रिणी खाटल्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ या हातातून त्या हातात गेले. आत्या डोंबिवलीला, तेव्हा नवऱ्याने फोन बाळाच्या कानाशी धरला. आत्याने 'कुर्र्र' केले आणि नाव सांगितले. बाळाने त्या आवाजाच्या दिशेने डोळे वळवले, हे मी स्वतः पाहिले आहे.

नवऱ्याविषयीही लिहायला हवे. आईच्या रजेच्या बाबतीत आपला कायदा पुढे आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते, तिकडे गरोदरपण धरून 16. वडिलांचे मात्र उलटे आहे. नेदरलँड्समध्ये त्यांना जन्मानंतर एक आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते आणि 1 जुलै 2020 पासून आणखी पाच आठवडे, 70 टक्के पगारावर. आपल्याकडे खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही मिळत नाही, आणि मला हे अन्यायाचे वाटते, बापावरही आणि बाळावरही. कारण त्या आठवड्यांत मी जे पाहिले ते प्रत्येक घरात दिसायला हवे. तिचा दुपारचा लंगोट, ढेकर, ड जीवनसत्त्वाचे रोजचे थेंब आणि संध्याकाळची रडारड हे सगळे त्याने आपल्याकडे घेतले. तिचे भुकेचे रडणे आणि झोपेचे रडणे यांतला फरक त्याला माझ्याआधी कळू लागला. पुढे कामावर जाऊ लागल्यावर तो दारातून आत आला की ती हातपाय झाडू लागे, आणि त्याचा दिवसभराचा शीण उतरलेला मला समोर दिसे.

डिसेंबरात तिकडे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. या लांबच लांब रात्रींचीच माझ्या मैत्रिणींना काळजी वाटत असे. पण हिवाळ्यात ठाणे आमच्या साडेचार तास पुढे असते. बाळ रात्री अडीचच्या सुमाराला दुधासाठी उठे, तेव्हा ठाण्यात सकाळचे सात वाजलेले असत आणि बाबा तलावपाळीवर फिरायला बाहेर पडलेले असत. मी एका हाताने बाळ सावरून फोन लावी. बाबा फारसे बोलत नसत. फोन वरच्या खिशात ठेवून चालत राहत. मला रिक्षांचे हॉर्न ऐकू येत, पावाच्या सायकलवाल्याची घंटा ऐकू येई, कौपिनेश्वराच्या देवळावरून जाताना आतला घंटानाद येई, आणि एखादे ओळखीचे आजोबा "काय म्हणते नात?" असे विचारीत, तेव्हा बाबा खिशातूनच मला उत्तर द्यायला सांगत. माझ्या खिडकीबाहेर काळोख आणि गोठलेला कालवा, मांडीवर घुटके घेणारी लेक आणि कानाशी ठाण्याची सकाळ. ती रात्रीची वेळ कधी एकदा येते, असे मला होऊन जाई.

अशाच एका रात्री, दूध पिणे मध्येच थांबवून, माझ्या तोंडाकडे पाहून ती हसली. झोपेतले हसू मी आधी पाहिले होते. हे निराळे होते. यात डोळे होते, हिरड्या होत्या, आणि ते मला ओळखून आलेले होते. दिवा लावून कुणाला उठवावेसेही मला वाटले नाही.

जानेवारीत आईने बोरन्हाण करायचेच असे ठरवले. हलव्याचे दागिने आणि काळे झबले तिने ठाण्याहून निघतानाच बांधून घेतले होते, चुरमुरे भारतीय दुकानात मिळाले, बोरे काही मिळाली नाहीत. तेव्हा आईने उरलेला तो गुलाबी-पांढऱ्या दाण्यांचा डबा काढला. प्रत्येक दाण्याला शेपटीसारखा इवलासा देठ असतो आणि वर साखरेचा पापुद्रा. तिळाच्या हलव्यापासून ते दाणे फार दूर नाहीत. तेच चुरमुऱ्यांत मिसळून बाळाच्या डोक्यावरून ओतले. वेचायला शेजारची डच मुले आली होती आणि त्यांना त्या समारंभाविषयी काहीही समजावून सांगावे लागले नाही. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून महिनाअखेरीस आई परतली. निरोपाविषयी लिहीत नाही.

त्यानंतर दिवसाचा बराच वेळ आम्ही दोघीच असू. बाळांच्या तपासणी केंद्रात वजन-उंचीला जाणे, लशी, एवढीच बाहेरची कामे. बीसीजी तिकडे सरसकट देत नाहीत, परंतु आईवडील भारतासारख्या देशातले असतील तर देतात, ती घेऊन झाली. बाकीचा वेळ मी तिला पाहत असे. तळहातावर बोट फिरवून मोराला बोलावण्याच्या खेळात, माझे बोट हळूहळू दंडावर चढू लागले की गुदगुली होण्याआधीच ती खिदळू लागली, म्हणजे पुढे काय येणार हे तिला कळू लागले होते. ठाण्यात असते तर तिला घ्यायला दहा हात पुढे आले असते आणि मला ते हवेही होते, पण हे बारीक बदल इतक्या जवळून पाहायचा निवांतपणा मला मिळाला असता का, याची शंका वाटते.

एप्रिलच्या आरंभी आम्ही तिला घेऊन ॲम्स्टरडॅमसे बोस या वनात गेलो. गेल्या शतकातल्या मंदीत बेकारांना काम मिळावे म्हणून 1934 पासून हे अख्खे वन माणसांनी लावले आहे. त्यातल्या एका बागेत चेरीची 400 झाडे आहेत. जपानी स्त्रियांच्या मंडळाने ती 2000 मध्ये भेट दिली आणि प्रत्येक झाडाला एकेका स्त्रीचे नाव आहे. 200 जपानी, 200 डच. आईने शिवलेली गोधडी अंथरून आम्ही लेकीला एका बहरलेल्या झाडाखाली निजवले. पाकळ्या तिच्या पोटावर पडत होत्या आणि ती दोन्ही मुठींनी त्या पकडायला पाहत होती. नवरा झाडावरचे नाव वाचायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "हिच्या नावाचं झाड आपण ठाण्यात लावू." येऊरच्या पायथ्याशी एका नातेवाइकांच्या आवारात जागा मिळाली आहे, पाऊस लागला की बकुळ लावायची.

इथे आता उकाडा आहे. मालीशवाली सकाळी येते, लेक तिच्या पायांवर आडवी पडून आनंदाने ओरडते आणि दुपारी चार तास झोपते. तिला सातवा महिना लागला आहे, म्हणून उद्या उष्टावण करायचे ठरले आहे. खीर आई करणार, पहिला घास मामाच्या मांडीवर, चांदीची वाटी बाबांनी राम मारुती रोडवरून कालच आणली. मुहूर्त दुपारी बाराचा. तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ झालेले असतील. नवऱ्याने कामावर उशिरा येतो असे सांगून ठेवले आहे, आणि ताईलाही त्याच वेळी फोनवर यायचे आहे, असे तिने आपण होऊन कळवले आहे.